मागच्या सीटचा इतिहास

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण हा रिव्ह्यू नाही. कुठला व्हेरियंट घ्यावा, कुठल्या रंगाला किती वेटिंग आहे, हे सांगणारी चॅनेल्स पैशाला पासरी आहेत. आपण नेहमीसारखं इतिहासात शिरणार आहोत. प्रश्न मात्र आजचा आहे आणि सध्या बऱ्याच घरांत चालू आहे. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलंय, पैसे एकाच गाडीचे आहेत. मग सगळं घर मावेल अशी एसयूव्ही घ्यायची, की जिच्याकडे बघून छातीत धडधडतं ती स्पोर्ट्स कार?

या भागात आकडे बरेच आहेत आणि आकडे ऐकताना निसटतात, म्हणून वाचणाऱ्यांसाठी हा लिखित मजकूर.

पेट्रोलच्या जमान्यात या प्रश्नाचं गणित सरळ होतं. वेग महाग असायचा. मोठं इंजिन, जास्त सिलिंडर, तगडा गिअरबॉक्स, त्याला साजेसे ब्रेक, प्रत्येक गोष्टीला पैसे मोजा. मागची सीट त्या मानाने जवळजवळ फुकट. पत्रा थोडा लांबवायचा, फोमची गादी टाकायची, दोन दारं वाढवायची, झाली फॅमिली गाडी. म्हणून फेरारी श्रीमंतांची आणि मारुती सगळ्यांची.

इलेक्ट्रिक गाडीत हे गणित उलटं होतं. तिथे वेग स्वस्त आणि मागची सीट महाग. हे आजचं नाही, सव्वाशे वर्षांपासून असंच चालत आलंय. आज हीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात पॅरिसजवळच्या आशेर नावाच्या गावातून. डिसेंबर १८९८. तिथल्या एका सरळसोट रस्त्यावर एका फ्रेंच मोटार मासिकाने वेगाची चाचणी ठेवली. शासलू-लोबा नावाचा एक उमराव जांतो कंपनीची गाडी घेऊन आला आणि ताशी सुमारे ६३ किलोमीटरने पळवून गेला. जमिनीवरच्या वेगाचा हा पहिला अधिकृत विक्रम मानला जातो. आणि ती गाडी विजेवर चालणारी होती. म्हणजे पहिला रेकॉर्डच इलेक्ट्रिकच्या नावावर आहे.

हे कामिल जेनात्झी नावाच्या बेल्जियन इंजिनिअरला काही झोपू देईना. लाल दाढीचा माणूस, पुढे लोक त्याला ‘लाल सैतान’ म्हणायला लागले. १८९९ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत या दोघांमध्ये रेकॉर्ड चेंडूसारखा टोलवला गेला. जानेवारीत तर एकाच दिवशी आधी जेनात्झीने तो घेतला आणि लगेच शासलू-लोबाने परत हिसकावला. शेवटी जेनात्झीने फक्त रेकॉर्डसाठी एक गाडी बनवून घेतली. चाकांवर ठेवलेला टॉर्पेडो डोळ्यांसमोर आणा. हलक्या मिश्रधातूचं निमुळतं अंग, मिशलँचे टायर, दोन मोटरी, आणि पोटात ठासून भरलेल्या बॅटऱ्या. नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. २९ एप्रिल १८९९ ला ती ताशी १०५.८८ किलोमीटरने धावली. रस्त्यावरच्या गाडीने शंभरी ओलांडण्याची ही पहिली वेळ.

तिचा फोटो नक्की शोधून बघा. गाडी हवा कापत जावी म्हणून एवढी निमुळती केली, आणि चालक मात्र कमरेपासून वर उघड्यावर, वाऱ्याला छाती देऊन खुर्चीत बसावं तसा बसलाय. एरोडायनॅमिक्सच्या मेहनतीवर पाणी! पण आपल्याला महत्त्वाचं काय, तर जागा एकाच माणसाची. मागे सीट नाही, बाजूला सीट नाही. उरलेली सगळी जागा बॅटरीने खाल्ली.

आता यातली गंमत बघा. जेनात्झीचा खरा धंदा रेसिंगचा नव्हताच. तो पॅरिसमध्ये विजेवर चालणाऱ्या टॅक्स्या आणि मालवाहू गाड्या बनवायचा, आणि त्या धंद्यात जांतो त्याचे प्रतिस्पर्धी होते. रेकॉर्ड ही जाहिरात होती. टॉर्पेडो दाखवायचा आणि टॅक्सी विकायची. हे लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात परत हेच होणार आहे.

मुळात इलेक्ट्रिक गाडी इतकी पळते का? पेट्रोल इंजिनला जोर यायला आधी फिरावं लागतं. म्हणून क्लच, म्हणून गिअर, म्हणून घाटात पहिला टाकून केलेला तो आवाज. इलेक्ट्रिक मोटरला पहिल्या क्षणापासून जवळजवळ पूर्ण जोर मिळतो. मुंबईकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, आणि तेव्हापासून आपण रोज बघतोय की हजारो माणसं पोटात घेतलेली गाडी दादरहून कशी झटक्यात निघते. पण लोकलला एक सवलत आहे. तिला वीज सोबत बाळगावी लागत नाही, ती डोक्यावरच्या तारेतून येते. कारला आपली शिदोरी स्वतःच वाहायची असते.

ती शिदोरी किती जड, याचा हिशोब एकदा करून टाकू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलंच, किलोवॅट-तास. चाळीस लिटरची टाकी म्हणजे ३६० युनिट, वजन फक्त तीसेक किलो. इंजिन त्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा गरम हवा करून फुकट घालवतं असं धरलं, तरी नव्वदेक युनिट चाकांपर्यंत पोचतात. एवढीच वीज आजच्या चांगल्यातल्या चांगल्या बॅटरीत भरायची तर काही शे किलो वजन गाडीत चढतं. १८९९ च्या शिसं-आम्लाच्या बॅटरीबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गाड्यांपुढे दोनच वाटा होत्या. जेनात्झीसारखं माणसांची जागा कमी करून वेग घ्या, नाहीतर वेग सोडून माणसं घ्या. दुसरी वाट अमेरिकेत डेट्रॉइट इलेक्ट्रिकने घेतली, १९०७ पासून. उंच, चौकोनी, काचांच्या खिडक्यांची गाडी. आत दिवाणखान्यासारखी मखमली बैठक. स्टिअरिंगच्या जागी दांडा. पळणार ताशी ३०-३२ किलोमीटर, एका चार्जवर जाहिरातीप्रमाणे १३० किलोमीटरच्या आसपास. हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट नाही, धूर नाही, कपडे काळे होत नाहीत. डॉक्टर मंडळी आणि शहरातल्या सधन बायका ही गाडी घ्यायच्या. हेन्री फोर्ड जगाला मॉडेल टी विकत असताना त्याच्या घरी क्लाराबाई डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायच्या!

या गाडीला मागची सीट होती, पण ती गावाबाहेर जाऊ शकत नव्हती. तिकडच्या खेड्यांत तेव्हा वीजच पोचली नव्हती, चार्ज करणार कुठे? त्यात १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणावर सुरू होणारं पेट्रोल इंजिन आणलं आणि हँडलची कटकट संपली. शिवाय मॉडेल टी वर्षागणिक स्वस्त होत गेली. सगळं कुटुंब बसवून दुसऱ्या गावाला जाता येईल अशी गाडी पेट्रोलची ठरली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक रखडत १९३९ पर्यंत टिकली, पण मागणी खूप आधीच ओसरली होती.

मधली वर्षं आपण सोडून देऊ. या कथेत तिथे फारसं काही घडत नाही. थेट १९९६.

कॅलिफोर्नियाने कायदा करून कंपन्यांना धूर न सोडणाऱ्या गाड्या आणायला भाग पाडलं होतं. जनरल मोटर्सने ईव्ही-वन आणली. पाण्याच्या थेंबासारखी, अतिशय देखणी. विकायची नाही, फक्त भाड्याने. एकूण १,११७ बनल्या. पुढे कंपनीने त्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. यावर २००६ मध्ये एक गाजलेली डॉक्युमेंटरी आली, आणि तेव्हापासून तेल कंपन्यांच्या कारस्थानाची चर्चा संपलेली नाही. कारस्थान होतं की नव्हतं, यावर तासभर वाद घालता येईल. मला मात्र त्या गाडीचा आतला आराखडा जास्त बोलका वाटतो. बॅटरी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची. उभी दांडी दोन सीटच्या मधून, आडवी दांडी बरोबर तिथे, जिथे मागची सीट यायला हवी. वजन ५३३ किलो, आणि त्यात वीज जेमतेम १६-१७ युनिट. ती गाडी दोन माणसांची असण्यात स्टाइलचा भाग कमी आणि नाइलाजाचा जास्त होता. जिच्यात मुलांना शाळेत सोडता येत नाही अशा गाडीसाठी किती घरं रांगेत उभी राहणार होती?

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातच एसी प्रोपल्शन नावाच्या छोट्या कंपनीने टी-झिरो नावाची दोन सीटची रेसिंग छापाची गाडी बनवली होती. तीही शिशाच्याच बॅटरीची. २००३ मध्ये त्यांनी तिच्यात लॅपटॉपमध्ये असतात तसले लिथियम-आयन सेल बसवले. साधारण ६,८०० सेल एकत्र जोडलेले! गाडी हलकी झाली, लांब पळायला लागली, आणि शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरला चारेक सेकंदांत पोचायला लागली. मार्टिन एबरहार्ड या कल्पनेने झपाटला होता. एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी त्याच वर्षी टेस्ला स्थापन केली. मस्क पैसे घेऊन आला २००४ मध्ये. ‘मस्कने टेस्ला स्थापन केली’ असं ग्रुपवर कुणी टाकलं तर हे वाक्य पुढे करा.

टेस्लाची पहिली गाडी रोडस्टर, २००८. लोटस एलिसच्या धाटणीचा सांगाडा, ६,८३१ सेल, ५३ युनिट. बॅटरीचं वजन साधारण ४५० किलो. आता हा आकडा ईव्ही-वनशेजारी ठेवा. वजन कमी, वीज तिप्पट. बारा वर्षांत एवढं झालं, ते गाडीवाल्यांनी नाही केलं. लॅपटॉप, कॅमेरे आणि मोबाइल विकत घेणाऱ्या तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मिळून त्या सेलची किंमत खाली आणली. तरीसुद्धा रोडस्टरला सीट दोनच, आणि किंमत एक लाख नऊ हजार डॉलर.

मस्कने २ ऑगस्ट २००६ ला कंपनीचा बेत जाहीर लिहून टाकला होता. आधी स्पोर्ट्स कार बनवायची, त्या पैशातून परवडणारी गाडी, त्या पैशातून आणखी परवडणारी. लोक याला मोठी दूरदृष्टी म्हणतात. मला त्यात दूरदृष्टीपेक्षा हिशोब जास्त दिसतो. बॅटरी महाग असेपर्यंत फॅमिली गाडी परवडणाऱ्या किमतीत बनूच शकत नव्हती. स्पोर्ट्स कारला मात्र लोक मुळातच एक लाख डॉलर मोजतात, त्यात बॅटरीचा खर्च लपून जातो. आणि वेग तर मोटरकडून आयताच मिळतो. म्हणजे जेनात्झीचंच धोरण. पाच वर्षांत रोडस्टर विकल्या गेल्या अडीच हजारांच्या आत. ते पुरेसं होतं, कारण दाखवायचं ते दाखवून झालं होतं.

खरा बदल २०१२ च्या मॉडेल एसमध्ये आला, आणि तो मला रोडस्टरपेक्षा मोठा वाटतो. बॅटरी कुठे ठेवायची, याचं उत्तर त्यांनी बदललं. सीटच्या मागे नाही, मधेही नाही, तर पूर्ण फरशीखाली, गादीसारखी पसरून. मागची सीट मोकळी झाली. इतकी मोकळी की डिकीत लहान मुलांसाठी उलट्या तोंडाच्या दोन जादा सीट घेता यायच्या. पाच अधिक दोन. जेनात्झीच्या टॉर्पेडोपासून ११३ वर्षांनी इलेक्ट्रिक गाडी वेगवान आणि कुटुंबाची, दोन्ही एकत्र झाली.

पण फरशीखाली बॅटरी म्हटलं की फरशी वर उचलली जाते. एसयूव्हीला त्याने काही फरक पडत नाही, ती उंचच असते. उलट आपल्याला वर बसायला आवडतं. स्पोर्ट्स कारला मात्र हे सलतं, कारण तिला जमिनीला चिकटून राहायचंय. पोर्शेने २०१९ मध्ये टायकान आणली तेव्हा बॅटरीत चक्क खड्डा सोडला, मागे बसणाऱ्यांचे पाय मावावेत म्हणून. त्या खड्ड्याला त्यांनी ‘पायांचं गॅरेज’ असं नाव दिलंय. हसू येतं, पण त्या खड्ड्यात आपली सगळी गोष्ट मावते. म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये जिकडेतिकडे एसयूव्ही दिसतात, त्यामागे फॅशन आहेच, पण फरशीखालची ती गादीही आहे.

टेस्लाने स्वतः काय निवडलं ते बघा. नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये थाटात दाखवली, २०२० ला देऊ म्हणून आगाऊ पैसेही घेतले. २०२० आलं, गेलं, आणि नवी रोडस्टर आली नाही. जुन्या रोडस्टरपैकी मस्कची स्वतःची गाडी फेब्रुवारी २०१८ मध्ये रॉकेटवर बसून अंतराळात गेली, ती तिकडे सूर्याभोवती फिरतेय. दरम्यान मॉडेल वाय ही घरगुती एसयूव्ही २०२३ मध्ये जगात सगळ्यात जास्त विकली गेलेली कार ठरली. आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाची पहिली शोरूम उघडली, तेव्हा तिथे विकायला कोण उभी होती? मॉडेल वायच.

आता आपल्या घरी येऊ. भारताने स्पोर्ट्स कारपासून सुरुवात केलीच नाही. बंगळुरूच्या चेतन मैनींनी २००१ मध्ये रेवा आणली. दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन लहान मुलं, शिशाच्या बॅटऱ्या, एका चार्जवर ८० किलोमीटर. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने फिरली, कारण तिथल्या गर्दीच्या करातून तिला माफी होती. तिची चेष्टा खूप झाली. मी तिच्या बाजूचा आहे. टेस्ला जन्मालाही आली नव्हती तेव्हा, तुटपुंज्या बॅटरीत, चार जणांना बसवायचा अवघड प्रयत्न या माणसाने केला होता. २०१० मध्ये महिंद्राने रेवा विकत घेतली.

पण मोह सगळ्यांनाच होतो. २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये महिंद्रा-रेवाने हॅलो नावाची दोन सीटची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार दाखवली. ती रस्त्यावर आली नाही. टाटांनी २०१७ मध्ये थेट जिनिव्हात रेसेमो ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार दाखवली, आधी पेट्रोलची, आणि पुढच्या वर्षी ऑटो एक्स्पोत तिचं इलेक्ट्रिक रूप. कॉलेजात आमच्या हॉस्टेलमध्ये रेसेमोचा वॉलपेपर कितीजणांच्या लॅपटॉपवर होता! कंपनी तेव्हा खर्चाला कात्री लावत होती, त्यात रेसेमो गेली. तिच्या जागी जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावातून काय बाहेर आलं? नेक्सॉन ईव्ही. ३०.२ युनिटची बॅटरी, कागदावर ३१२ किलोमीटर, सुरुवात १३.९९ लाखांपासून, पाच जणांची. वॉलपेपर लावण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. पण ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसायला लागली, आणि शेजाऱ्याची बघून दुसऱ्याने घेतली.

महिंद्राने तर दोन्ही टोकं गाठली. २०१५ मध्ये त्यांनी इटलीची पिनिनफारिना घेतली, आणि त्यातून २०१९ मध्ये बॅटिस्टा आली. १,९०० अश्वशक्ती, १२० युनिटची बॅटरी, शंभराचा वेग दोन सेकंदांच्या आत, फक्त १५० गाड्या. दुसरीकडे २०२४ च्या नोव्हेंबरात चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही: बीई सिक्स आणि एक्सईव्ही नाइन ई. आणि माझ्या मते आजच्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर या जोडीत मिळतं, कारण दोघींचा पाया एक, बॅटरी एक, मोटरची ताकद एक. आखूड, चपटी, तरण्याताठ्यांना खुणावणारी आहे ती बीई सिक्स. लांब, घरंदाज आहे ती नाइन ई.

मोठ्या, ७९ युनिटच्या बॅटरीत कंपनीचे आकडे असे. शंभराचा वेग गाठायला बीई सिक्सला ६.७ सेकंद, नाइन ईला ६.८. फरक एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा! डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत यापेक्षा जास्त वेळ जातो. आता सुरुवातीची किंमत बघा, दोन्हींत छोटी ५९ युनिटची बॅटरी. १८.९० लाख आणि २१.९० लाख. म्हणजे वेग दोघींना सारखाच मिळाला, आणि ऐसपैस मागची सीट अन् मोठी डिकी यांचे वेगळे तीन लाख लागले. पेट्रोलच्या जमान्यात असं बिल कधी आलं असतं का? करानेही यात फारसा फरक पडत नाही, इलेक्ट्रिक गाडी लांब असो की आखूड, जीएसटी ५ टक्केच.

त्याहून वरच्या किमतीतही हेच. जुलै २०२५ मध्ये एमजीने एकाच शोरूमच्या साखळीत दोन इलेक्ट्रिक गाड्या ठेवल्या. सात जणांची आलिशान एम-नाइन ६९.९० लाखांना, आणि दोन जणांची, पंखांसारखी दारं उघडणारी सायबरस्टर ७४.९९ लाखांना. एकीत ९० युनिटची बॅटरी, दुसरीत ७७. एकीची ताकद २४५ अश्वशक्ती, दुसरीची ५१०. ताकद दुपटीहून जास्त, आणि किमतीत फरक सातेक टक्क्यांचा.

मग बॅटरी नक्की कुठे खर्च होते? लोक म्हणतात, माणसं जास्त बसली की रेंज पडते, घाटात तर फारच. आपण मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर ढोबळ हिशोब करू. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चढ साधारण पाचशे मीटरचा. दोन टनांची गाडी तेवढी वर उचलायला लागतात पावणेतीन युनिट. पाच माणसं आणि बॅगा मिळून साडेतीनशे किलो धरले, तर त्यांचे जेमतेम अर्धं युनिट जास्त. उतरताना त्यातलं थोडं परतही मिळतं. खरी खादाड आहे ती हवा. उंच एसयूव्ही ताशी १००ने शंभर किलोमीटर नेली तर नुसती हवा बाजूला सारण्यात ११-१२ युनिट जातात. तीच गाडी ८०ने नेली तर सात-साडेसात. बुटकी स्पोर्ट्स कार शंभरच्या वेगालाही सातच्या आसपास राहील. म्हणजे माणसांचं वजन महाग नाही. माणसांना ताठ बसता यावं म्हणून दिलेली छपराची उंची महाग आहे. जेनात्झीचा टॉर्पेडो निमुळता होता तो उगाच नाही.

हे सगळं मी ऑफिसातल्या एका मित्रासाठी शोधायला सुरुवात केली होती. त्याच्या घरात बीई सिक्स की नाइन ई यावरून दोन महिने चर्चा चालू आहे. घरात आईवडील, बायको, दीड वर्षाची मुलगी. गाव कराडजवळ. कर्ज सात वर्षांचं, म्हणजे आता घेतलेली गाडी मुलगी दुसरी-तिसरीत जाईपर्यंत बदलता येणार नाही. आम्ही धरून चाललो होतो की पोराला स्पोर्टी गाडी हवी असणार आणि म्हातारे मोठी मागत असणार. प्रकार उलटा निघाला. मित्राला नाइन ई हवी आहे. मुलीची सीट, स्ट्रोलर, आईचे गुडघे, गणपतीला सगळ्यांचं सामान. बीई सिक्स हवी आहे वडिलांना.

वडील एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. मी त्यांना हे आकडे सांगितले, तीन लाखांचा, एक दशांश सेकंदाचा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं मागं बसवून गाडी चालवली बाबा. मागं कोण नाही अशी गाडी कशी लागती, ते एकदा बघायचंय.”

मित्राने मोबाइलमधल्या फोटोंवरून मोजून काढलं, गेल्या वर्षभरात पाचही जण एका गाडीत बसले असे दिवस तीसच्या आत. बाकी रोज तो एकटा हिंजवडीला जातो-येतो. पण त्या तीस दिवसांत आईचं हॉस्पिटल आहे, जत्रा आहे, दिवाळी आहे, त्यामुळे ते दिवस नुसते मोजून भागत नाही, हेही तोच म्हणतो. मला विचाराल तर मी नाइन ईच्या बाजूने आहे, कारण त्या तीन लाखांत मिळतं ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही, आणि वेग तर दोन्हींत आहेच. वडिलांना हे पटलेलं नाही. येत्या रविवारी ते दोघं परत टेस्ट ड्राइव्हला जाणार आहेत, दोन्ही गाड्यांच्या. चालवणार वडील. मागे कुणी बसायचं नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.